झाड नसलेलं अंगण आणि रिकामा फीडर: एका घराचं प्रकरण

प्रकरण माझ्या मामेभावाच्या घरचं आहे. नवीन बांधलेलं घर, मागे साधारण ३० फूट लांब आणि २४ फूट खोल अंगण, तिन्ही बाजूंनी पाच फुटी कंपाउंड वॉल, आणि आत झाड म्हणाल तर एक नाही. बांधकामाच्या वेळी जे होतं नव्हतं ते सगळं साफ झालं, वर मुरूम टाकला, एका कडेला लॉन लावायचा प्रयत्न केला तो अर्धवट राहिला. हॉलचा मोठा काचेचा स्लायडिंग दरवाजा याच अंगणात उघडतो आणि त्याच भिंतीत पार उत्तरेच्या टोकाला किचनची खिडकी आहे. घर पश्चिमेला, अंगण पूर्वेला, म्हणजे सकाळभर ऊन आणि दुपारनंतर घराची सावली. हे सगळं इतकं सविस्तर सांगतेय कारण पुढचे सगळे निर्णय या मापांवरच झाले, फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं, कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न त्यामानाने अगदीच किरकोळ.

वहिनीने हौसेने दोन फीडर आणले होते, एक नळीसारखा उभा आणि एक सपाट ट्रेवाला. दोन्ही टांगले कपडे वाळत घालायच्या तारेला, बरोब्बर अंगणाच्या मध्यावर, काचेच्या दरवाजापासून बारा-तेरा फुटांवर. कारण काय तर सोफ्यावर बसून छान दिसेल. झालं काय, की उघड्यावर वारा कसला जोरात लागतो, दोन्ही फीडर दिवसभर झोके घेत राहिले, अर्धे दाणे खाली सांडले, उरलेल्या दाण्यांवर एका पावसाचं पाणी पडून त्यांचा गोळा झाला आणि हिरवट बुरशी धरली. चिमण्या शेजारच्या तारेवर रोज दिसायच्या पण अंगणात उतरायच्या नाहीत. मामी कंपाउंडवर शिळंपाकं ठेवायच्या त्यावर मात्र कावळे आणि कबुतरं तुटून पडायची. आणि एक दिवस होला काचेवर येऊन आपटला, काचेवर पंखांचा पिठासारखा ठसा उमटला, अगदी एकेक पीस मोजता येईल असा, आणि पक्षी खाली गपगार. तेव्हा दादाचा फोन आला, "तू पक्षी बघत फिरतेस ना, मग येऊन बघ जरा, आमचं काय चुकतंय ते."

मी एकच सांगितलं, फीडर आत्ता काढून ठेव आणि आधी मला बघू दे की इथले पक्षी बसतात कुठे.

झाड नसलेल्या अंगणात लोकांचा गैरसमज असा असतो की झाड नाही म्हणजे दाणे टांगायला जागा नाही, मग स्टँड आणला की प्रश्न सुटला. पण पाखराला झाड लागतं ते दाणे टांगायला नाही. त्याला दाण्यावर उतरायच्या आधी थोडं लांब आणि उंच कुठेतरी बसून सगळीकडे बघून घ्यायचं असतं, आणि खाताना काही हललं की दोन-तीन सेकंदांत जिथे शिरता येईल अशी दाट आडोशाची जागा जवळ हवी असते. आपण अनोळखी घरी गेल्यावर उंबऱ्याशी थांबतो, आत डोकावतो, मग पाऊल टाकतो, तसलंच हे. दादाच्या अंगणात उंबराच नव्हता. तारेवरची चिमणी फीडर बघत होती, दाणे तिला दिसत होते, पण मधलं पंचवीस-तीस फूट सपाट उघडं मैदान ओलांडून जायचं आणि संकट आलं तर तेवढंच परत ओलांडायचं हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. मला वाटतं तिचा हिशेब बरोबर होता.

पक्षी येतात कुठून

सकाळचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो आणि कागदावर अंगणाचा नकाशा काढून जिथे जिथे पक्षी बसेल तिथे फुली मारत गेलो. हे काम कुणीही करू शकतं, दुर्बीण असायलाच पाहिजे असं नाही, पक्षी ओळखता आले पाहिजेत असंही नाही. फुल्या पडल्या त्या चार ठिकाणी. रस्त्यावरची तार, शेजारच्या गच्चीचा कठडा, दादाच्याच पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप, आणि सगळ्यात जास्त फुल्या ईशान्येच्या कोपऱ्यात जिथे शेजाऱ्यांची बोगनवेल कंपाउंडवरून थोडी आत झुकलेली आहे. त्या बोगनवेलीत चिमण्यांचा थवाच्या थवा असतो, बाहेरून काही दिसत नाही, नुसता कलकलाट ऐकू येतो आणि कुणी जवळून गेलं की एकदम चिडीचूप.

म्हणजे झाड नव्हतं, पण आडोसा होता, फक्त तो दुसऱ्याच्या हद्दीत होता. आणि तो होता उत्तरेकडे, किचनच्या खिडकीच्या बाजूला. कपड्यांची तार होती मध्यावर, काचेच्या दरवाजासमोर. नकाशावर हे बघितल्यावर वहिनी लगेच म्हणाली, मग फीडर उचलून सरळ बोगनवेलीजवळच लावू की. तिथे अडचण वेगळी होती. कंपाउंड वॉल म्हणजे मांजरांचा हमरस्ता. भिंतीला लागून फीडर लावला असता तर मांजर वरून टपकलं असतं. आडोशाबद्दल साधारण सल्ला असा असतो की दाण्यापासून तो दहाएक फुटांवर, म्हणजे ३ मीटरच्या आसपास असावा. फार लांब असला तर पक्षी पोचत नाही, फार जवळ असला तर त्याच आडोशात दबा धरून बसलेल्या मांजराला एका झेपेत पक्षी मिळतो. बोगनवेलीपासून किचनच्या खिडकीपर्यंत चोवीस फूट. मध्ये एक थांबा टाकला की बरोबर दोन टप्पे होतात.

मधला थांबा

थांबा म्हणून कुणीतरी छाटून टाकलेल्या वाळक्या फांद्या आणायच्या ठरवल्या. बाहेरच्या देशांत लोक अंगणाच्या कोपऱ्यात फांद्यांचा ढीग रचतात, खाली जाड ओंडके आडवेतिडवे आणि वर बारीक काटक्या, त्यात छोटे पक्षी छान लपतात. मी हे बोलले आणि मामी ताडकन म्हणाल्या, "अगं, घराला लागून काट्याकुट्यांचा ढीग म्हणजे सापाला आमंत्रणच की! आणि खाली दाणे सांडणार म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे साप, हे मी सांगायला पाहिजे का तुला?" मामींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जमिनीवरचा ढीग रद्द.

मग तेच उभं केलं. एक जुना प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून दोन टब केले, दोन्हीत दगड आणि माती ठासून भरली. एकात नऊ फुटांची एकच उंच वाळकी फांदी, वर दोन-तीन फाटे असलेली, ही टेहळणीची. दुसऱ्यात सहा-सात काटेरी फांद्या एकत्र बांधून दाट जुडगा, पण खालचा दीडएक फूट मोकळा सोडला, म्हणजे खालून आरपार दिसतं, त्यात मांजर बसलं तर आपल्यालाही दिसतं आणि पक्ष्यालाही, आणि झाडूही फिरवता येतो. टब ठेवायचा फायदा असा की जागा पटली नाही तर सरकवता येतो, जमिनीत पुरलं की संपलं. दोन्ही टब किचनच्या खिडकीपासून दहा-अकरा फुटांवर, बोगनवेलीच्या सरळ रेषेत. दिसायला म्हणाल तर भंगार. दादा दोन दिवस कुरकुरत होता की नवीन घरात हे काय स्मशान मांडलंय.

फीडर अजून लावलाच नव्हता. फक्त टबांच्या मधल्या जागेत मूठभर बाजरी आणि तांदळाच्या कण्या जमिनीवर पसरून ठेवायच्या, तेवढ्याच ज्या दुपारपर्यंत संपतील, असं ठरलं. पसरूनच, ढीग करून नाही. यामागे एक मजेशीर कारण आहे. मार्क एल्गर नावाच्या शास्त्रज्ञाचा १९८६ सालचा चिमण्यांवरचा अभ्यास आहे, त्यात दिसलं की खाणं सुट्या कणांचं असेल, वाटून घेण्यासारखं, तर ते सापडलेली चिमणी चिवचिव करून बाकीच्यांना बोलावते, आणि तेवढंच खाणं एकाच तुकड्यात असेल तर फारशी ओरडत नाही. बोलावण्यात तिचा स्वार्थ आहे, चार जणी आल्या की चार जोड्या डोळे पहाऱ्याला लागतात आणि प्रत्येकीला मान वर करून बघण्यात कमी वेळ घालवावा लागतो.

आणि झालंही तसंच. एक नर आला तो थेट उंच फांदीच्या टोकावर, चोच फांदीवर इकडून तिकडून घासली, शेपटी दोनदा उडवली, मान तिरपी करून वर आकाशात एक डोळा लावला, मग उतरला तो काटेरी जुडग्याच्या अर्ध्या उंचीवर, तिथे परत थांबला, मग खाली. चार दाणे टिपले आणि भुर्रकन जुडग्यात. दुसऱ्या खेपेला जुडग्यात बसूनच चिवचिवाट सुरू केला आणि बोगनवेलीतून आधी एक मादी, मग तिघी-चौघी. उंच फांदी, मग जुडगा, मग जमीन, हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही. दादाची कुरकुर त्या सकाळीच बंद झाली.

काच आणि खार, दोघांचे नियम एकमेकांविरुद्ध

आता फीडरची जागा. इथे खरी गंमत आहे, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त डोकं इथेच खर्च झालं.

काचेचं आधी. झाडं नाहीत म्हणजे काचेत झाडांचं प्रतिबिंब नाही म्हणजे पक्षी आपटणार नाहीत असं दादाला वाटत होतं. पण आकाशाचं प्रतिबिंब पुरतं. पक्ष्याला काच ही वस्तूच कळत नाही, त्याला पलीकडे मोकळं आभाळ दिसतं आणि तो जीव खाऊन तिकडे उडतो. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरत असावेत असा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि त्यात उंच टॉवरचा वाटा अगदी थोडा, साध्या घरांचा आणि बुटक्या इमारतींचा प्रचंड. डॅनियल क्लेम या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून याच विषयावर काम केलंय, त्यांच्या प्रयोगांमधून निघालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही, की फीडर काचेपासून १ मीटरच्या आत ठेवला तर मरण्याचं प्रमाण खूप घटतं. ऐकायला उलटं वाटतं ना? पण विचार केला की पटतं, तीन फुटांत पक्ष्याला वेगच पकडता येत नाही, आपटला तरी झटकून उडून जातो. तोच फीडर बारा-तेरा फुटांवर असला की दचकून उडालेला पक्षी काचेपर्यंत पोचेस्तोवर पूर्ण वेगात असतो. वहिनीचा फीडर नेमका त्या घातक पट्ट्यात होता. काही जण सांगतात की मग ३० फुटांपलीकडे न्या, पण इथे अंगणाची खोलीच २४ फूट, तेव्हा तो पर्याय आपोआप बाद.

आता खार. खारीसाठी जो नियम सांगतात तो असा की फीडर जमिनीपासून ५ फूट वर, भिंत किंवा फांदी असलं काहीही आजूबाजूला ७ फुटांत नको, आणि वरून उडी मारण्यासारखं काही ९ फुटांत नको. म्हणजे काचेचा नियम सांगतो भिंतीला चिकटून लाव आणि खारीचा नियम सांगतो भिंतीपासून लांब जा. छोट्या अंगणात दोन्ही एकत्र पाळताच येत नाहीत, ज्याला कुणाला दोन्ही जमलेत त्याचं अंगण मला बघायचंय.

माझं मत स्पष्ट होतं. खार दाणे नेते, काच जीव नेते. काचेचा नियम पाळायचा आणि खारीचं नुकसान सोसायचं.

म्हणून फीडर गेला किचनच्या खिडकीसमोर, काचेपासून दोन-अडीच फुटांवर. एक इंची जीआय पाइप, जमिनीत आधी थोडा जाड पाइपचा दोन फुटांचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवला आणि त्यात हा खुपसला, म्हणजे धुवायला किंवा जागा बदलायला उपसून काढता येतो. फीडर साडेपाच फुटांवर, टांगलेला नाही, पाइपच्या डोक्यावर घट्ट बोल्ट केलेला. वाऱ्याच्या जागी लटकता फीडर नकोच, हलत्या फीडरवर चिमण्या बसायला बघतच नाहीत आणि दाणे सांडतात ते वेगळंच. पाइपला चार फुटांवर पत्र्याचं उलटं नरसाळं लावलं, दीड फूट रुंद, त्याने मांजर आणि उंदीर पाइपवरून चढत नाहीत. खार मात्र खिडकीच्या कट्ट्यावरून सरळ उडी मारते, नरसाळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्यासाठी फीडरभोवती दीड-पावणेदोन इंची चौकोनाची जाळी बसवली. चिमणी त्यातून आरामात आत जाते, खारही अंग चोरून जाते हे आम्ही बघितलंय, पण बसून तासभर चरण्याऐवजी दोन घास घेऊन पळते. एवढं चालतंय.

जाळीचा खरा फायदा झाला कबुतरांसाठी, कारण कबुतर आत शिरू शकत नाही. वर बसून बघत बसतं आणि खाली सांडलेलं टिपतं. मामींना हात जोडून सांगितलं की कंपाउंडवरचं शिळं बंद करा, त्यात मीठ असतं, तेल असतं, पक्ष्यांना ते बरं नाही, आणि मुख्य म्हणजे कबुतरांना पत्ता कायमचा पाठ होतो. मामींना ते फारसं आवडलं नाही, पण "बरं बाई" म्हणाल्या. कबुतरं कमी झालीत, गेलेली नाहीत.

राहिला हॉलचा मोठा दरवाजा. त्याच्यासमोरून चिमण्या आता जातच नाहीत म्हणून सोडून देऊ असं दादाचं मत होतं. मी म्हटलं नको, पक्षी जमायला लागले की येणारी-जाणारी वर्दळ वाढते आणि एखादा दचकून भलतीकडे जातोच. बाजारात त्या ससाण्याच्या आकाराचे स्टिकर मिळतात, एक लावला की काम झालं असं लोक समजतात, पण पक्षी तो एवढा स्टिकर चुकवून शेजारच्या मोकळ्या काचेवर जातो. खुणा सगळ्या काचेवर लागतात, दोन-दोन इंचांवर, आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने, कारण आतून लावल्या तर बाहेरच्या प्रतिबिंबात त्या दिसतच नाहीत. दादा-वहिनीने सोपा मार्ग काढला, डासांची जाळी नाहीतरी लावायची होतीच, ती आतल्याऐवजी बाहेरच्या ट्रॅकवर बसवून घेतली. प्रतिबिंब पुसट झालं आणि कुणी आपटलंच तर जाळी झेलते. स्लायडिंगचा अर्धा भाग अजून जाळीशिवाय आहे, तिथे पांढऱ्या ऑइल पेंटच्या पेनने ठिपके काढलेत, भाचीने उत्साहाने काढले म्हणून ते जरा वेडेवाकडे आहेत, पण पक्ष्यांची काही तक्रार नाही.

ट्रे गेला, पाणी आलं

वहिनीचा सपाट ट्रेवाला फीडर परत लावायचा नाही असं मी सांगितलं, त्यावर ती थोडी हिरमुसली कारण तोच दिसायला सुंदर होता. सपाट ट्रेचा त्रास असा की पक्षी त्यातच उभं राहून खातात, त्यातच शिटतात आणि आजारी पक्ष्याची लाळ लागलेला दाणा दुसरा उचलतो. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात २००५ च्या सुमारास ट्रायकोमोनॉसिस दिसायला लागला, हा घशाचा रोग आहे, गिळताच येत नाही, आणि २००६ पासून साथ अशी पसरली की साधारण ४३ लाखांवरून त्यांची संख्या २००९ पर्यंत २८ लाखांच्या आसपास आली. फीडरवरची गर्दी हे त्या पसरण्याचं एक मोठं कारण मानतात. त्याआधी १९९४ मध्ये अमेरिकेत हाउस फिंच पक्ष्यांमध्ये डोळे सुजवणारा जंतुसंसर्ग असाच फीडर ते फीडर पसरला होता. आपण चांगलं करायला जातो आणि रोगाचं केंद्र उघडून बसतो, असं होऊ शकतं.

म्हणून उभा नळीचा फीडर, रोज एका दिवसाला पुरेल एवढेच दाणे, आणि दर पंधरवड्याला नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून धुणं, मग स्वच्छ पाण्याने खळखळून आणि उन्हात अगदी कोरडा करून परत भरणं. कोरडा हा शब्द महत्त्वाचा, ओल्या नळीत दाणे भरले की तळाशी बुरशी ठरलेली. आजारी पक्षी दिसला, म्हणजे पिसं फुगवून सुस्त बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा, तर फीडर उतरवून ठेवायचा आणि थवा पांगू द्यायचा. खाली टरफलं साठतात ती झाडायला मामी स्वतःहून तयार झाल्या, साप-उंदरांचा मुद्दा त्यांचाच होता ना.

पाण्याचं मात्र नवल वाटलं. मातीचं पसरट भांडं, तळ खरखरीत, कडेला इंचभर आणि मध्ये दीड-पावणेदोन इंच पाणी, त्यात एक दगड. ठेवलं काटेरी जुडग्यापासून चार-पाच पावलांवर, आणि दुपारनंतर सावली येईल असं. दाण्याला चिमण्या, मुनिया, होले एवढेच येतात, कारण दाणे खाणारे पक्षी मुळात मोजकेच. बुलबुल फळं आणि किडे खातो, दयाळ किडे खातो, शिंजीर फुलातला रस पितो, त्यांना बाजरीशी काय देणंघेणं? पण तहान सगळ्यांना. पाणी ठेवल्यावर बुलबुलाची जोडी आली, दयाळ आला, साळुंक्या तर अख्खं भांडं रिकामं होईपर्यंत आंघोळ करतात. ज्यांच्या अंगणात झाड नाही आणि वेळही कमी आहे त्यांना मी आता आधी पाणीच ठेवायला सांगते, दाणे नंतर. पाणी रोज ओतून टाकून नवीन भरायचं, नाहीतर डास.

फीडर चांगला चालायला लागला तसा शिक्रा, म्हणजे चिमण्यांची शिकार करणारा छोटा शिकारी पक्षी, तो पण आला. कंपाउंडला लागून खालून सरसर येतो आणि कोपऱ्यावर एकदम वर उठतो, चिमण्यांना कळायच्या आत. भाची रडायला लागली, दादा म्हणाला हाकलू का. शिक्रा पण पक्षीच आहे आणि त्याला पण पोट आहे, त्याला हाकलून काही होत नाही. आम्ही फीडर थोडे दिवस उतरवला, चिमण्या विखुरल्या, तोही दुसरीकडे गेला. तेव्हाच वहिनीने विचारलं की आपण असा मध्येच फीडर काढला किंवा सुट्टीत गावाला गेलो तर बिचारे उपाशी मरतील का? नाही मरत. अमेरिकेत चिकडी या पक्ष्यावरचा १९९२ सालचा अभ्यास आहे, जिथे २५ वर्षं दाणे घातले जात होते तिथले फीडर काढून टाकले आणि ज्या चिकड्यांना कधीच कुणी दाणे घातले नव्हते त्यांच्याशी तुलना केली, थंडीतून जगून निघण्यात फरक पडला नाही. फीडर हे त्यांच्या दिवसातल्या अनेक जागांपैकी एक ठिकाण असतं, आपल्याला उगाच वाटतं की आपणच पोसतोय.

पुढे काय

वाळक्या फांद्या कायमच्या नाहीत, दोन-तीन पावसाळ्यांत कुजून पडतील. तोपर्यंत जिवंत आडोसा तयार व्हायला हवा म्हणून टबांच्या मागच्या बाजूला, भिंतीपासून थोडं आत, डाळिंब, मेंदी आणि करवंद लावलंय. मोठी झाडं लावावीत की नाही यावर दादाचं अजून ठरत नाहीये, पण झुडपांना कुणाचा विरोध नव्हता आणि चिमणीला छातीएवढं दाट झुडूप उंच झाडापेक्षा जास्त कामाचं. जिथे लॉन जमलं नाही तो पट्टा तसाच वाढू द्यायचा, गवताला बी धरलं की मुनिया स्वतःहून येतात, फीडरशिवाय. आणि कीटकनाशक फवारायचं नाही, कारण दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना भरवते ते किडेच.

झुडपं वाढली की मापं परत घ्यावी लागतील हे दादाला आत्ताच सांगून ठेवलंय. डाळिंब पसरलं तर आज दहा फुटांवर असलेला आडोसा सहा फुटांवर येईल आणि मांजराची सोय होईल, मग एकतर छाटायचं किंवा काटेरी टब काढून टाकायचा.

त्याचा सध्याचा हट्ट वेगळाच आहे, दक्षिणेच्या कोपऱ्यात दुसरा फीडर हवाय, हॉलमधून दिसेल असा. नकाशावर त्या बाजूला एकही फुली नाही, जवळ आडोसा नाही आणि बोगनवेलीकडून तिथे जायचं तर चिमण्यांना मोठ्या काचेच्या तोंडासमोरून उडावं लागेल. मी सांगितलंय की उरलेल्या अर्ध्या दरवाजाला बाहेरून जाळी बसव, त्या कोपऱ्यात मेंदीचा दाट ताटवा कमरेच्या वर येऊ दे, आणि मग आधी नुसते दाणे पसरून बघ कुणी उतरतंय का. तोवर हॉलमधून जे दिसतं ते पाण्याचं भांडं.